घण मारणारीचं नाव

आज आपण एका अवजाराचा इतिहास ऐकू या. हे अवजार आपल्यापैकी फार थोड्या जणींच्या घरात असेल. पण घरातली विळी, विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ ही सगळी मंडळी कधी ना कधी त्याचा मार खाऊन आलेली असतात. ते अवजार म्हणजे घण.

आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्यांचं पाल तुम्ही पाहिलं असेल. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवलेली, शेजारी भाता, आणि लाकडाच्या ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेली ऐरण. एका हाताने सांडशीत लाल लोखंड धरून पुरुष बसलेला असतो, त्याच्या दुसऱ्या हातात छोटा हातोडा. समोर त्याची बायको उभी असते. पदर खोचलेला, पाय रोवलेले, आणि दोन्ही हातांत घण. भात्यापाशी सासूबाई किंवा एखादं पोर. बाजार करून घरी आल्यावर आपण काय सांगतो? “लोहाराकडून खुरपं पाजवून आणलं.” त्या खुरप्यावर सगळ्यात जड घाव जिने घातले, ती आपल्या वाक्यात येतच नाही. लोहारीण म्हटलं तरी आपल्या मनात लोहाराची बायको असाच अर्थ येतो. लोहारकाम करणारी बाई, असा येत नाही.

म्हणून आजचा विषय घणाचा आहे आणि तो उचलणारीचाही आहे.

आधी घण आणि हातोडा यांतला फरक समजून घेऊ. हातोडा एका हाताने चालतो. त्याचं वजन किलो-दीड किलोच्या आसपास असतं. लोहारकामाचा घण साधारण तीन ते आठ किलोंचा असतो आणि त्याला दोन्ही हात लागतात. लोखंड पातळ करायचं असो, लांबवायचं असो की जाड तुकडा तोडायचा असो, खरं बळ घणाचं. मग हातोडा कशाला? हातोडा म्हणजे खूण. हातोडा धरणारा जिथे टोला देतो, तिथेच पुढचा घाव घणाने घालायचा. टोला हलका आला तर घण हलका, जोरात आला तर घण जोरात. हातोडा लोखंड सोडून ऐरणीवर वाजला की थांबायचं. जगात बऱ्याच ठिकाणी लोहारकामाची ही खूणभाषा जवळपास अशीच आहे. तोंडाने बोलायला वेळच नसतो. भट्टीतून काढलेलं लोखंड पिवळ्याचं नारिंगी, नारिंगीचं लाल आणि लालाचं काळपट व्हायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात जेवढे घाव बसतील तेवढेच कामाचे. थंड लोखंडावर मारत राहिलं तर ते तडकतं आणि हातांना झिणझिण्या येतात.

घण मारणं म्हणजे नुसती ताकद, असं पुष्कळांना वाटतं. पण घण उचलताना एक हात दांड्याच्या टोकाशी आणि दुसरा वर, लोखंडाजवळ असतो. घण खाली येताना वरचा हात घसरत खालच्या हाताकडे येतो. जोर खांद्याइतकाच कमरेतून आणि पायांतून येतो. शेवटचा वेग घण स्वतःच्या वजनाने घेतो, त्याला फक्त दिशा द्यायची असते. आणि ही दिशा बोटभर चुकली तर? समोर बसलेल्या माणसाचा हात तिथे आहे. त्याच्या हातोड्याच्या टोल्यानंतर आणि पुढच्या टोल्याच्या आधी, नेमक्या त्या फटीत तिचा घण पडायला हवा. असं काम दिवसभर करणाऱ्या बाईला आपण ‘मदतनीस’ म्हणतो.

आता घण बनतो कसा ते ऐका. पूर्वी घण ओतीव नव्हे, ठोकून घडवलेल्या लोखंडाचा असे. आता बरेचदा जुन्या गाडीच्या ॲक्सलचा किंवा तशाच जाड पोलादी दांड्याचा तुकडा घेतात. तो भट्टीत पिवळा होईपर्यंत तापवतात आणि ठोकून चौकोनी करतात. मग दांड्यासाठी आरपार भोक पाडायचं. त्यासाठी सुंबा लागतो, म्हणजे पोलादी ठोंब्या. एका बाजूने सुंबा अर्ध्याहून थोडा जास्त आत घालायचा, तुकडा उलटवून दुसऱ्या बाजूने घालायचा, म्हणजे भोक मधोमध जुळतं. मध्येमध्ये सुंबा पाण्यात बुडवायचा, नाहीतर तोच मऊ पडून अडकतो. भोक लांबट गोल ठेवतात, म्हणजे दांडा हातात फिरत नाही. दोन्ही तोंडांशी ते किंचित रुंद असतं. त्यामुळे दांडा घालून वरून पाचर ठोकली की लाकूड फुलून घट्ट बसतं.

मग घणाच्या तोंडाला पाणी द्यायचं. तोंड लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. पण नुसतं कडक राहिलं तर काचेसारखं फुटेल. म्हणून तोंड बाहेर काढून घासून चकचकीत करतात आणि मधल्या भागात उरलेली धग तोंडाकडे परतू देतात. चकचकीत पृष्ठावर आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग निळा असा रंग सरकत येतो. हव्या त्या रंगावर ते पुन्हा गार करतात. तोंड कडक आणि मधला दांड्याचा भाग मऊ राहिला पाहिजे, कारण सगळा हिसका तिथेच बसतो. शेवटी तोंडाच्या कडा घासून गोलसर करायच्या. धारदार कड लोखंडावर वळ उठवते आणि तिचे कपचे उडतात. दांडा सरळ रेघांच्या, वाळलेल्या, चिवट लाकडाचा. आपल्याकडे त्यासाठी बाभूळ चांगली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. घण घडवायला दुसरा घण लागतो आणि सांडशी धरायला एक, घण मारायला दुसरं माणूस लागतं. हाताने घण घडवायचा तर तो एकट्याच्या हातून होत नाही.

हे काम आपल्या मातीत किती जुनं आहे? विदर्भात नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. त्याच जिल्ह्यात माहुरझरीच्या शिळावर्तुळांखाली लोखंडाच्या कुऱ्हाडी आणि घोड्याचं सामान मिळालं. त्या काळच्या भट्टीतून लोखंड पाण्यासारखं वाहत निघत नसे. मळी मिसळलेला, स्पंजासारखा गोळा निघे. तो तापवून पुन्हा पुन्हा ठोकला की मळी बाहेर पडे आणि उरे ते कामाचं लोखंड. म्हणजे लोखंडाचं युग जेव्हा सुरू झालं, तेव्हापासून ठोकणारे हात होतेच. दिल्लीला मेहरौलीत सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. वजन सहा टनांच्या घरात. तोही असेच गोळे तापवून, ठोकून, एकमेकांना जोडून घडवलेला आहे. त्यावर राजाचं नाव कोरलेलं आहे. ठोकणाऱ्यांपैकी कोणाचंही नाव नाही.

आपल्या गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर शेतकऱ्याची अवजारं नीट करायची आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं, अशी रीत होती. बलुतं ठरे ते लोहाराच्या घराचं. त्या घरात भाता ओढणारी कोण, घण मारणारी कोण, याचा वेगळा हिशेब नसे.

घिसाडी मात्र एका गावाचे नव्हते. घिसाडी, गाडी लोहार, चितोडी लोहार अशी त्यांची नावं. महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमाती ‘ब’ गटात होते. इंग्रज काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बोलीची ‘घिसाडी’ किंवा ‘तारीमुकी’ म्हणून नोंद झाली आणि ती गुजरातीच्या जवळची म्हणून नोंदवली गेली. राजस्थानच्या गाडी लोहारांची कथा अशी सांगतात, की १५६८ मध्ये अकबराने चित्तोड जिंकल्यावर त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली: चित्तोड परत मिळेपर्यंत गडावर जाणार नाही, छपराखाली राहणार नाही, खाटेवर झोपणार नाही. म्हणून ते बैलगाडीतच संसार करत राहिले. १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत गाडी लोहारांना समारंभाने चित्तोडगडावर नेण्यात आलं आणि शपथ सुटल्याचं जाहीर झालं. शपथ सुटली, पण घरं आणि जमिनी सगळ्यांना मिळाल्या नाहीत. पुष्कळांचं भटकणं पोटासाठी चालूच राहिलं.

आता भटक्या कुटुंबात घण बाईच्या हातात का आला, ते उघड आहे. बाजारपेठेत दुकान असलेला लोहार घणासाठी गडी ठेवू शकतो. आज या गावात, परवा त्या गावात जाणाऱ्याला गडी परवडत नाही आणि मिळतही नाही. घरातली बाई कायम बरोबर. तिला मजुरी द्यावी लागत नाही. दुसरं असं, की तापलेलं लोखंड ओळखून, कोनात धरून त्याला आकार देणं ही ‘कला’ ठरली आणि तो पुरुषाचा मान ठरला. म्हणून तो बसून काम करतो आणि जड घण ती उचलते. बाईचं अंग नाजूक म्हणून तिला जड काम देत नाहीत, असं आपण पुष्कळदा ऐकतो. घिसाड्याच्या ऐरणीपाशी उभं राहून ते एकदा तपासून पाहा.

आमच्या भागातल्या बाजारात आम्ही या मावश्यांशी बोलतो. घण कधीपासून उचलते, असं विचारलं की उत्तर येतं, “लग्नाच्या आधीपासून.” दुखतं कुठे, तर खांदे, कंबर आणि मनगट. बाळंतपणानंतर किती दिवसांनी परत उभी राहिलीस, असं विचारलं की त्या हसतात. आणि पैसे कोणाच्या हातात येतात, असं विचारलं की सांडशीकडे बोट दाखवतात.

आता थोडं लांब जाऊ. घणाखाली राबणाऱ्या बायकांनी आपली मजुरी कशी मिळवली, याची एक खरी गोष्ट इंग्लंडातली आहे आणि ती आपल्या गटांच्या फार कामाची आहे.

इंग्लंडच्या मध्यभागी क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे घरोघरी लोखंडी साखळ्या बनत. जहाजाच्या मोठ्या साखळ्या कारखान्यात पुरुष बनवत. छोट्या साखळ्या बायका घरामागच्या खोपटात बनवत. सळई तापवायची, वाकवायची, तोडायची, आधीच्या कडीत अडकवायची आणि टोकं ठोकून जोडायची. हातात हातोडा, आणि जड घावासाठी पायाने दाबून चालवायचा घण. तान्ही मुलं तिथेच भट्टीजवळ खोक्यात ठेवलेली. मध्यस्थ येऊन सळया देई, तयार साखळी वजनावर घेई आणि आपला वाटा कापून पैसे देई. आठवडाभर पन्नास तासांहून जास्त राबून बाईच्या हाती पाच शिलिंगांच्या आसपास पडत. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड.

१९०९ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला. साखळीकामासारख्या हलाखीच्या धंद्यांत किमान मजुरी ठरवायची. १९१० मध्ये बायकांसाठी दर ठरला तासाला अडीच पेनी. म्हणजे ५४ तासांच्या आठवड्याला ११ शिलिंग ३ पेनी. अनेकींची कमाई त्यामुळे दुप्पट झाली असती. पण कायद्यात एक फट होती. मजुराने स्वतः लिहून दिलं, तर सहा महिने जुन्या दरानेच काम घेता येत होतं. मालकांनी आणि मध्यस्थांनी लगेच कागद पुढे केले. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलं आहे हे न कळताच त्यांनी सह्या केल्या.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना?

तिथे मेरी मॅकआर्थर नावाची कामगार नेता होती, स्त्री कामगारांच्या संघटनेची. तिने या बायकांना एकत्र केलं. सुमारे ८०० बायका कामाविना बसल्या. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याही होत्या. गळ्यात साखळ्या घालून त्या मोर्चात चालल्या. त्यांचं चित्रीकरण सिनेमागृहांत दाखवलं गेलं आणि देशभरातून मदत आली. सुमारे दहा आठवडे त्या हलल्या नाहीत. २२ ऑक्टोबर १९१० ला शेवटच्या मालकानेही नव्या दरावर सही केली.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. मदतनिधीत जवळपास ४,००० पौंड जमले होते. संप संपल्यावर त्यातले बरेच उरले. त्या पैशातून गावात कामगारांसाठी एक सभागृह बांधलं. ते १९१२ मध्ये उघडलं. ही वास्तू आज डडली गावच्या संग्रहालयात हलवून जतन केलेली आहे. ऐरणीपाशी झिजलेल्या बायकांच्या नावे एक इमारत उभी राहिली, कारण त्या एकदा कागदावर मोजल्या गेल्या.

आता आपल्याकडे परत या. आपल्याकडे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोहाराचं काम घटत गेलं. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यात लोखंडी नांगर बनवला. सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, पुढे तो गावोगाव गेला. मग ट्रॅक्टर आला, मग बाजारात तयार खुरपी आणि कोयते आले. मोठ्या कारखान्यात घणाचं काम यंत्र करतं. वाफेवर चालणारा घण इंग्लंडात १८४० च्या सुमारासच निघाला होता. तरी आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामाआधी कोयत्यांना धार लागते, पेरणीआधी फाळ पाजवावे लागतात. पालं अजून पडतात आणि घण अजून उचलले जातात.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहारकाम त्यात आहे, आणि हातोडा व अवजारं बनवण्याचं कामही वेगळं नोंदलेलं आहे. योजनेत काही दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने. काम चांगलं आहे. पण एक नियम नीट ऐका: एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं.

मग अर्ज कोणाच्या नावाने भरायचा? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. कारण लोहार म्हणजे तो. घण मारणारी ही लोहारच आहे, हे अर्ज भरणाऱ्याला सुचत नाही, घरच्यांना सुचत नाही आणि कधीकधी तिला स्वतःलाही सुचत नाही. घरात भांडण लावा, असं आमचं म्हणणं नाही. एका ऐरणीवर दोघं काम करतात आणि दोघांचं पोट त्यावरच आहे. पण नाव कोणाचं टाकायचं, हे दोघांनी बसून ठरवावं. कर्जफेडीची शिस्त तिला गटात लागलेली असेल, तर तिच्या नावाने अर्ज का नको?

आणि एक नाव गेलं म्हणून दुसरं पुसलं जायला नको. ई-श्रम नोंदणी कुटुंबाची नसते, प्रत्येक असंघटित कामगाराची वेगळी असते. ती दोघांची करता येते. तिथे कामाचा रकाना येईल, तेव्हा ‘गृहिणी’ किंवा ‘मदतनीस’ असं लिहू देऊ नका. ‘लोहारकाम’ असं सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी गटातल्या वाचता येणाऱ्या ताईकडून तो मोठ्याने वाचून घ्या. क्रॅडली हीथच्या बायकांना हे दहा आठवड्यांच्या संपाने शिकवलं. आपल्याला ते फुकट मिळतं आहे.

पालं टाकणाऱ्या मावश्यांपुढे आणखी एक अडचण असते, पत्त्याची आणि कागदपत्रांची. तुमच्या गावात पाल पडलं असेल, तर गटातल्या दोघी जणींनी जाऊन चौकशी करावी. आधार आहे का, बँकेत खातं आहे का, जातीचा दाखला आहे का. ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात त्यांच्याबरोबर एक खेप मारली, तरी पुष्कळ फरक पडतो.

शेवटी घणाच्या कामाच्या दोन-चार गोष्टी, ज्या घरी घण आहे त्यांच्यासाठी. दांडा हलायला लागला की पाण्यात भिजवून काम भागवू नका. लाकूड वाळलं की तो पुन्हा सैल होतो. पाचर बदला. घणाच्या तोंडाची कड फुलून पाकळ्यांसारखी झाली असेल तर ती घासून काढा, कारण तिचे कपचे गोळीसारखे उडतात. घणावर घण किंवा हातोड्यावर घण कधी मारू नका. दोन्ही कडक असतात आणि फुटतात. घण मारणारीच्या समोर आणि पाठीमागे मुलांना उभं राहू देऊ नका. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा. आणि घण तुमच्या अंगाला झेपेल एवढ्याच वजनाचा घ्या. हलका घण नेमक्या जागी पडला, तर तो चुकलेल्या जड घणापेक्षा जास्त काम करतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घराघरांत अवजारांची पूजा होते. घणालाही हळद-कुंकू लागतं. यंदा ते लागेल तेव्हा, तो घण वर्षभर ज्या हातांनी उचलला त्या हातांचं नाव कोणत्या कागदावर आहे, एवढं विचारा. आणि पुढच्या वेळी खुरपं पाजवायला गेलात, की पैसे देताना समोर उभ्या असलेल्या मावशीला तिचं नाव विचारून घ्या.